तिसऱ्या दिवसाची चिंधी

खंडेनवमीला काकांच्या ओसरीवर, पाटावर बारा बोअरची बंदूक मांडली होती. तिला झेंडूचा हार होताच. पण शेजारच्या ब्रशला आणि लोकरी मॉपलाही काकांनी हळदकुंकू वाहिलं होतं. ते पाहून माझा पाय निघेना.

आमच्या कारंजा तालुक्यात रोही आणि रानडुकरं रात्रीतून सोयाबीनची माती करतात. बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. आदल्या रात्री डुकरं हाकलायला काकांनी हवेत दोन बार काढले होते. "बार काढला का तीन दिवस," राखीव पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले काका म्हणाले. "तीन दिवस रोज नळी पुसाची. एक दिवस कमी नाई."

नळी पाच मिनिटांत पुसून झाली. खरं काम पुढे होतं. ब्रशच्या पितळी केसांत काजळी आणि शिशाचा चकचकीत कीस अडकला होता. वाटीत रॉकेल घेऊन, दात घासायच्या जुन्या ब्रशनं काका एकेक ओळ मुळापासून टोकाकडे झाडत राहिले. रॉकेल राखाडी झालं की ओतायचं, नवं घ्यायचं. असं चारदा. मग गरम साबणपाणी, ऊन, तेलाचा हलका हात. "नळी घाण असली तं एक डाव चालते, भाऊ. ब्रश घाण असला तं मांगची घाण पुढच्या डावाले नळीतच भरते."

केस दबू नयेत म्हणून वाळलेला ब्रश पीव्हीसी पाईपाच्या वीतभर तुकड्यात जातो. तीन तुकड्यांचा लाकडी गज तर दर फेरीनंतर पुसायचा. त्यात रुतलेला वाळूचा कण नळीत कानशीसारखा फिरतो. ओसरीभर झेंडू आणि रॉकेलचा मिसळलेला वास होता. घरी गेल्यावरही तो माझ्या बोटांना होता.

नोकरीत त्यांच्या हाती थ्री नॉट थ्री रायफल. तिच्या दस्त्यातल्या कप्प्यात तेलाची बाटली आणि फुलथ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. काकांनी सुतळीला गाठी मारून ती करून दाखवली. तीन फास: पहिल्यात तारेची जाळी, दुसऱ्यात फ्लॅनेलची चार बाय दोन इंची चिंधी. तिसरा रिकामा, दोरी नळीत अडकली तर आर्मोररनं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यानं, ओढून काढण्यासाठी. दोरी वाकडी ओढली की नळीच्या तोंडाची कड घासते आणि नेम बिघडतो. आणि दोरी नळीत तुटू नये म्हणून ते आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचे, एखादा पीळ सुटलाय का ते चाचपत.

तीन दिवसांचा हिशेबही तिथलाच. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राही, हवेतला ओलावा ओढी आणि गंज धरे. म्हणून आधी उकळतं पाणी, मग तीन दिवस पुसणं. आजच्या काडतुसांत तो क्षार नसतो. तरी मी काकांच्याच बाजूचा आहे. पावसाळा सरता सरता आमच्याकडे कुलपंसुद्धा गंजतात.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते. सामान घरीच राहतं. ती परत येईल त्या दिवसासाठी काका ते तेल लावून ठेवतात.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तेव्हा मॉप दोरीवर वाळत होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. काकांनी गजाला पांढरी चिंधी लावून नळीतून काढली आणि उजेडात धरली. कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता.

"आजपासून एक," ते म्हणाले आणि वाटीत रॉकेल ओतलं.