लिनक्सवर मराठी नीट दिसण्यासाठी

लिनक्सवर मराठी मजकूर उघडला की शिरोरेषा धूसर दिसते, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा ती थोड्या सेटिंगने मिटते.

पडद्यावर अक्षर येतं ते तिघांच्या हातून. कोणता फॉन्ट घ्यायचा हे फॉन्टकॉन्फिग ठरवतं, जोडाक्षरं आणि काना-मात्रा हार्फबझ जागच्या जागी बसवतं आणि त्या आकाराचे ठिपके फ्रीटाइप पाडतं.

आधी शिरोरेषा पाहू. ती पिक्सलच्या दोन ओळींच्या मध्ये आली की दोन्हींत फिकट पसरते. हिंटिंग तिला एका ओळीवर आणतं. त्यातला ‘स्लाइट’ पर्याय अक्षर फक्त उभ्या दिशेने जुळवतो. त्यामुळे रेषा ठसठशीत होते आणि अक्षराची रुंदी बिघडत नाही. अँटीअलायझिंग चालूच ठेवावं, नाहीतर वेलांट्यांच्या कडा दातेरी दिसतात. पडदा दाट पिक्सलचा असेल तर हिंटिंग बंद केलं तरी चालतं. ग्नोममध्ये हे पर्याय ‘ट्वीक्स’मध्ये आणि केडीईमध्ये सिस्टीम सेटिंग्जच्या फॉन्ट विभागात सापडतील.

आता फॉन्टची निवड. ‘एफसी-मॅच’ या आज्ञेला मराठीसाठी कोणता फॉन्ट लागणार असं टर्मिनलमध्ये विचारता येतं. उत्तर पसंत नसेल तर आपल्या खात्यातल्या ‘फॉन्ट्स डॉट कॉन्फ’ या फाइलीत, भाषा मराठी असेल तेव्हा अमुक फॉन्ट आधी घ्यावा, असा नियम लिहायचा. नवा फॉन्ट होम फोल्डरमधल्या ‘डॉट लोकल’, ‘शेअर’, ‘फॉन्ट्स’ या वाटेवर ठेवून ‘एफसी-कॅश’ चालवायचं आणि अॅप्लिकेशन बंद करून पुन्हा उघडायचं.

एवढं करूनही पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपसूक मिळेलच असं नाही. नोटो सॅन्स देवनागरीत ही मराठी वळणं आहेत, पण मजकूर मराठी आहे हे हार्फबझला कळलं तरच ती उमटतात. म्हणून लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. वेबपान बनवत असाल तर त्यात भाषेची खूण ‘एमआर’ अशी द्या. हिंदी खूण असलेल्या पानावर नोटोसारखा उत्तम फॉन्टही हिंदी वळणच दाखवेल.

शाळेतले किंवा वाचनालयातले लिनक्स संगणक तुमच्याकडे असतील, तर फॉन्ट निवडीचा वरचा नियम सिस्टीमच्या ‘लोकल डॉट कॉन्फ’ फाइलीत घाला. एकदाच केलेल्या या कामाने तिथल्या प्रत्येक वाचकाला स्वच्छ मराठी वाचायला मिळेल.