मुंबई ते दुबई विमान : तिकिटावर पावणेदोन तास, प्रवास सव्वातीन तासांचा! हा हिशोब समजून घ्या

आपल्या भागातली बरीच पोरं कामासाठी दुबईला जातात. घरच्यांच्या मोबाईलवर तिकीट येतं, पण त्यावरची वेळ बघून गोंधळ उडतो. मागे एका तरुणाचं तिकीट १५ तारखेचं, वेळ ००:४० अशी होती. तो १५ तारखेला दुपारी एसटीने निघाला. विमान मात्र आदल्या रात्रीच गेलं होतं. तिकिटाचे पैसे बुडाले, कामावर हजर व्हायची तारीखही हुकली. म्हणून ही माहिती.

अंतर किती?
मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. विमान वर गेल्यावर ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने उडतं. म्हणजे हिशोबाने सव्वादोन तास लागायला हवेत. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीवर नंबर लागणं, वर चढणं, उतरताना वाट बघणं हे धरून सव्वातीन तासांच्या आसपास होतात.

येताना वेळ थोडा कमी लागतो, साधारण तीन तास. कारण उंचावर वारं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, हिवाळ्यात जास्तच. जाताना ते समोरून येतं, येताना मागून ढकलतं.

मग तिकिटावर पावणेदोन तास का?
तिकिटावर निघायची वेळ मुंबईची आणि पोहोचायची वेळ दुबईची छापतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, बारा महिने. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली वेळ ८२.५ रेखांशावरची, दुबईची ६० वरची. फरक साडेबावीस अंश, म्हणजेच दीड तास.

समजा विमान मुंबईहून पहाटे ४:३० ला निघालं. सव्वातीन तासांनी आपल्याकडे ७:४५ होतील, पण दुबईत ६:१५. येताना उलटं. दुबईहून रात्री १० ला निघालं की तीन तासांनी तिथे रात्रीचा १, आपल्याकडे २:३०, आणि तारीख पुढची. तिकिटावर वेळेजवळ +१ असेल तर दुसरा दिवस समजा. आणायला जाणाऱ्यांनी गाडी त्याच तारखेला ठरवावी.

हे लक्षात ठेवा
- ००:४० म्हणजे रात्री १२ वाजून ४० मिनिटं. तारीख १५ असेल तर १४ च्या रात्रीच विमानतळावर पाहिजे, म्हणजे घरून १४ लाच निघायचं.
- परदेशी विमानासाठी किमान तीन तास आधी पोहोचा. सामान घेणारा काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होतो.
- मुंबईत परदेशी विमानं टर्मिनल २ वरून, म्हणजे सहारहून सुटतात. रिक्षावाल्याला तसंच सांगा.
- फोन करताना आपल्या वेळेतून दीड तास वजा करा. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, तेव्हा तिकडे पहाटेचे पाच. रात्रपाळी करून आलेलं पोरगं झोपलेलं असतं.

तिकीट हातात आलं की आधी तारीख आणि वेळ घरातल्या दोघांनी वाचा, कॅलेंडरवर खूण करा, मगच एसटीचं बघा.