पाबळच्या घुमटाखालची चाळीस वर्षं

शिरूर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात विहिरीची जागा ठरवणं हा घरातल्या लग्नाइतका गंभीर विषय. चुकीच्या जागी खणलं की कर्ज अंगावर येतं आणि पुढची काही वर्षं तेच फेडण्यात जातात. म्हणून कुणी तळहातावर नारळ धरून शेत पालथं घालतो, कुणी पायाळू माणसाला बोलावतो. याच तालुक्यात, पाबळच्या बाजूला, आणखी एक पर्याय उभा राहिला. शाळा सोडलेली पोरं एक छोटी पेटी, चार लोखंडी सळया आणि वायरची भेंडोळी घेऊन बांधावर यायची आणि जमिनीच्या पोटात काय आहे ते मोजायची.

मोजण्याची रीत अशी. चार सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब वाचायचा. एक वाचन झालं की सळया उपटून अंतर वाढवायचं आणि पुन्हा ठोकायच्या. अंतर जितकं जास्त, तितकी खालच्या थरांची माहिती हाती लागते. आपला काळा पाषाण अखंड असेल तर वीज अडते. पाणी मुरलेला मुरूम किंवा भेगाळलेला खडक असेल तर ती सहज जाते. आकडे आलेखावर मांडत गेलं की एखाद्या खोलीपाशी रेघ खाली वळते. तिथे आशा असते. खात्री नसते, कारण ओली चिकणमातीही वीज जाऊ देते. म्हणून शेवटचा शब्द यंत्र देत नाही. आसपासच्या विहिरी, ओढ्याची दिशा, उताराचा कल हे सगळं पाहून माणसाला तो ठरवावा लागतो.

भूशास्त्रज्ञांना ही पद्धत आधीपासून माहीत होती. ती एका आडगावच्या कार्यशाळेत आली, तिचं उपकरण तिथेच बनलं आणि दहावी न झालेल्या मुलांच्या हाती पडलं, ही गोष्ट मात्र नवी होती. विद्यार्थ्यांच्या शोधांचा इतिहास लिहायचा तर मी सुरुवात या सळयांपासून करीन.

आमच्या रांजणगावची ओळख दोन गोष्टींनी. एक महागणपती, दुसरी एमआयडीसी. नगर रस्त्याने पुण्याकडे निघालं की शिक्रापूर लागतं आणि तिथून उत्तरेला वळलं की पाबळ. बाहेरच्यांना हे गाव मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असतं. 1983 साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग आणि मीराताई कलबाग इथे राहायला आले. कलबागांचा जन्म 1928 चा, म्हणजे तेव्हा त्यांची पंचावन्नी आली होती. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतलं काम, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जागा, एवढं मागे ठेवून त्यांनी पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. पाणी कमी, जमीन हलकी, पुण्यापासून सत्तरेक किलोमीटर. जे इथे जमेल ते देशातल्या बहुतेक गावांत जमेल, असं ते ठिकाण होतं.

पाठीशी होती पुण्याची भारतीय शिक्षण संस्था, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची संस्था. जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगाने 1966 च्या अहवालात शाळेत कार्यानुभव हवा असं सांगितलं होतं. त्याच्याही आधी, 1937 मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. कल्पना जुनीच होती. कलबागांनी तिच्यात चरख्याच्या जोडीला लेथ, वेल्डिंगचं यंत्र आणि पुढे संगणक आणून ठेवला.

नापास झालेलं पोर मठ्ठ असतं हे त्यांना मान्य नव्हतं. हातांना काम मिळालं की बुद्धी आपोआप जागी होते, असं ते मानत. मुलांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाची एक वर्षाची पदविका निघाली. तिचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलं आश्रमातच राहायची आणि तिथली कामं स्वतः करायची. मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. मुलांनी केलेलं काम गावाला सेवा म्हणून, पैसे घेऊन दिलं जाई. फाटकाला वेल्डिंग, पाण्याची टाकी, माती परीक्षण, विहिरीची जागा. पैसे देणारा शेतकरी समोर उभा असला की यंत्र चालावंच लागतं. परीक्षक एकदाच येऊन गुण देऊन जातो. फाटक मोडलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात हजर.

या शिस्तीतून ज्या वस्तू घडल्या त्यांत घुमट ठळक आहेत. पाबळला गेलेल्या माणसाच्या नजरेत आधी तेच भरतात. त्रिकोणांनी बनलेलं घर, ही मुळात अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलरने प्रसिद्ध केलेली रचना. चौकोन ढकलला की वाकतो, त्रिकोण बाजू मोडल्याशिवाय आकार सोडत नाही. म्हणून थोड्या लोखंडात मोठी जागा झाकता येते. या रचनेच्या साध्या प्रकारात अर्धगोलाला 65 दांडे लागतात आणि त्यांच्या लांब्या फक्त दोन असतात, 35 एका मापाचे आणि 30 दुसऱ्या. आठवी झालेल्या मुलाला दोन मापं दिली की तो दिवसभर बिनचूक कापू शकतो. सांगाडा नटबोल्टने जोडायचा, जाळी ताणायची, वर सिमेंटचा पातळ थर. भूमिती पुस्तकात ज्याला कधी कळली नाही, त्या मुलाने कोनाची चूक पुढच्या जोडणीत उघडी पडताना पाहिली. भोक जुळत नाही म्हणजे मागे कुठेतरी माप चुकलं. अशी चूक विसरता येत नाही.

मेकबुल या छोट्या ट्रॅक्टरचीही कथा अशीच. बैलजोडी सांभाळणं महाग होत चाललेलं आणि मोठा ट्रॅक्टर दोन-तीन एकरवाल्याच्या आवाक्याबाहेरचा. पाबळच्या कार्यशाळेने जुन्या जीपचे भाग आणि लहान डिझेल इंजिन जोडून यांत्रिक बैल तयार केला. भंगार बाजारात जीपचा गिअरबॉक्स मिळतो आणि बिघडला तर तालुक्याच्या गॅरेजवाल्याला तो उघडता येतो. मला या रचनेत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. गावातल्या पान्याने दुरुस्त होईल ते यंत्र गावाचं.

मेकबुल घरोघरी पोहोचला नाही, हेही सांगायला हवं. एक चांगला नमुना बनवणं आणि त्याच्या शेकडो सारख्या प्रती काढून विकणं, त्यांचे सुटे भाग पुरवणं, ही वेगवेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला भांडवल लागतं, विक्रेते लागतात. विद्यार्थ्यांच्या बहुतेक शोधांची गाडी याच चढावर थांबते. त्यात त्या मुलांचा दोष नाही.

शाळांमधला प्रयोग मात्र दूरवर गेला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातकाम, हा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने मान्य केला. शिकवायला गावातलेच कारागीर, कुशल तरुण. पुढे सुनंदा माने आणि राज गिल्डा यांच्या लेंड अ हँड इंडियाने तो आणखी शाळांत नेला. शाळेच्या आवारात मुली वेल्डिंगचा मुखवटा लावून काम करतात हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही.

2002 मध्ये पाबळच्या वाट्याला जगाच्या नकाशावरची एक जागा आली. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना काढली होती. लेझरने कापणारं यंत्र, छोटं मिलिंग यंत्र, इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी, म्हणजे जवळपास काहीही बनवता येईल अशी एका खोलीत मावणारी कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. आज जगभरात अशा प्रयोगशाळा दोन हजारांच्या वर आहेत. गर्शनफेल्ड यांच्या 2005 च्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबाग भेटतात. त्यांनी पुढे ठेवलेले प्रश्न पाहा: डिझेल इंजिनाचं टायमिंग चुकलं तर इंधन वाया जातं, ते स्वस्तात मोजायचं कसं? दुधाची प्रत जागच्या जागी तपासायची कशी? पंपाला पाइप जोडून पहाटे इंजिन फिरवणाऱ्या आणि डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचे हे प्रश्न आहेत. एमआयटीला पाबळकडून जे मिळालं ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

30 जुलै 2003 रोजी कलबाग गेले. संस्थापकामागे संस्था कोमेजतात हा आपल्याकडचा अनुभव. इथे डॉ. योगेश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. एलईडीचे दिवे, पायडलवर वीज, अंडी उबवण्याचं यंत्र, सौर वाळवणी, ओल्या कचऱ्याचं खत अशी यादी वाढत गेली. 2009 मध्ये फॅब लॅबवाल्यांची पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद पुण्यात भरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या डिझाइन इनोव्हेशन सेंटरशी आश्रम जोडला गेला आणि पदवीधर अभियंते, अभियांत्रिकीचे विद्यार्थीही पाबळला येऊ लागले.

एव्हाना देशातलं वारंही फिरलं होतं. 2016 पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन. त्याच 2016 च्या 22 जूनला पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा किलोभरही वजन नसलेला उपग्रह पीएसएलव्हीवरून अवकाशात गेला. दूरच्या दोन ठिकाणांत निरोप पोहोचवणं हे त्याचं काम. मुलांच्या अनेक तुकड्या त्यावर राबल्या, एक तुकडी पास होऊन गेली की पुढची काम उचलायची. हा वारसा मला उपग्रहाइतकाच मोठा वाटतो.

कारण बाकी ठिकाणी नेमकं हेच घडत नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प मी अनेक प्रदर्शनांत पाहिले आहेत. अंधांसाठी अडथळा ओळखणारी काठी, कांदा सडायला लागला की सूचना देणारी चाळ, फवारणीचा हातगाडा. कल्पना खऱ्या गरजेच्या असतात, मुलं रात्री जागून काम करतात. पण काठी आठवडाभर अंध माणसाच्या हातात राहिलेली नसते, चाळीने एकही पावसाळा पाहिलेला नसतो. व्हायवा झाली की यंत्र कपाटावर जातं आणि पुढच्या वर्षी दुसरा गट तेच शून्यापासून सुरू करतो. मला याचं वाईट वाटतं. दरवर्षी एवढी तरुण बुद्धी खर्ची पडते आणि शेतापर्यंत, घरापर्यंत फार थोडं पोहोचतं.

आणि यावरचा उपाय आमच्या दारात आहे. रांजणगावच्या वसाहतीत मोटारी बनतात, फ्रिज आणि धुलाई यंत्रं बनतात. 2022 मध्ये इथल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला केंद्राची मंजुरी मिळाली. मेकबुल ज्या चढावर अडला, तो चढण्याची विद्या म्हणजे एका नमुन्याच्या हजार सारख्या प्रती काढणं. ती या कुंपणाआड रोज तीन पाळ्यांत वापरली जाते. डायमेकर, फिटर, दर्जा तपासणारे, सगळे इथे आहेत आणि त्यांतले कितीतरी शेतकऱ्यांची मुलं आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी पाबळच्या एका वाळवणी यंत्राकडे पाहिलं तर कुठला भाग पत्र्याच्या एकाच ठोक्यात निघेल हे ते उभ्या उभ्या सांगतील. महाविद्यालयांनी आपल्या मुलांना कारखाना दाखवायला रांजणगावला आणावं, जरूर आणावं. पण त्याच बसने पुढे पाबळलाही जावं, एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर उतरावं आणि प्रकल्पाचा विषय तिथे ठरवावा. व्हायवाही तिथेच घ्यावी, एक हंगाम उलटल्यावर.

मूलभूत तंत्रज्ञानाच्या तासाला मुलं रक्तगट तपासायलाही शिकतात. काचपट्टीवर रक्ताचे थेंब, त्यांवर वेगवेगळी रसायनं, आणि कुठल्या थेंबात गुठळ्या होतात ते बघायचं. नववीतली एखादी मुलगी आजोबांचं बोट धीराने टोचते, पट्टी हलवते, उजेडात धरते. मग चिठ्ठीवर गट लिहून देते, खाली आपलं नाव आणि तारीख घालते. आजोबा चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवतात.