सांधेबदलाची प्रतीक्षा

जिना उतरतांना कठडा घट्ट धरावा लागणें, रात्रीं कूस बदलतांना कळ येऊन झोंप मोडणें, हीं झिजलेल्या सांध्याचीं लक्षणें वृद्ध माणसें असलेल्या घरांना अपरिचित नाहींत. या दुखण्यावर उपाय आहे. टेफ्लॉनच्या वाट्या लवकर झिजतात असें दिसून आल्यावर राइटिंग्टन येथील शस्त्रवैद्य जॉन चार्नले यांनीं १९६२ सालीं चिवट पॉलिएथिलीनची वाटी व धातूचा गोळा यांचा कृत्रिम खुबा बसविला. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें बदललेल्या खुब्यांपैकीं सुमारें ५८ टक्के, तर गुडघ्यांपैकीं सुमारें ८२ टक्के, पंचवीस वर्षें टिकतात.

परंतु उपाय असणें निराळें आणि तो वेळेवर मिळणें निराळें. इंग्लंडांत १९४८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत ही शस्त्रक्रिया रुग्णाला विनामूल्य मिळते. कुटुंबवैद्यानें चिठ्ठी दिल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावा व यादींतील किमान ९२ टक्के रुग्ण या मुदतीच्या आंत असावेत, असा तेथील दंडक आहे. २०१६ च्या प्रारंभानंतर मात्र तो सांभाळणें त्या सेवेला जमलें नाहीं. आणि २०२० सालीं कोविडच्या साथींत तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्यामुळें रांग फारच लांबली.

साथ नसतांनाही रांग कां वाढते? हिवाळ्यांत न्यूमोनियाचे व हाड मोडलेले रुग्ण मोठ्या संख्येनें येतात. त्यांना परत पाठवितां येत नाहीं. गुडघ्याच्या रुग्णाला मात्र पुढची तारीख देतां येते. ज्याचें दुखणें प्राणावर बेतत नाहीं, त्याचीच खाट आधीं जाते.

शरीर मात्र त्या तारखेसाठीं थांबत नाहीं. चालणें कमी झालें कीं मांडीचे स्नायू रोडावतात, सांधा आंखडतो, आणि शस्त्रक्रियेनंतर उभें राहण्यास लागणारें बळ आधींच खर्ची पडतें. म्हणून प्रतीक्षेच्या काळांतही वैद्याच्या सल्ल्यानें बेताचा व्यायाम चालू ठेवणें हा उपचाराचाच भाग होय.

रांगेवरील एक उपाय इंग्लंडांतच सांपडतो. एप्सम येथें २००४ सालीं केवळ पूर्वनियोजित अस्थिशस्त्रक्रियांसाठीं स्वतंत्र केंद्र उघडण्यांत आलें. तातडीच्या रुग्णांचा ओघ व ठरलेल्या शस्त्रक्रिया यांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या, हें अशा केंद्रांमागील तत्त्व आहे. गर्दीच्या दिवसांत राखून ठेवलेली खाट क्षणभर रिकामी दिसेल. परंतु ती तशी राखली, तरच रुग्णाला दिलेली तारीख खरी ठरते.