प्रकाशाचा कोन आणि तांब्याचे थर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा डांबरी रस्त्यावरची झगझग पोलरॉइड गॉगल लावताच मावळते. ऊन तेच असते. गॉगल फक्त ठराविक दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडतो. अतिवाहक, म्हणजे थंड केल्यावर विजेला शून्य विरोध करणाऱ्या, पदार्थांमधले इलेक्ट्रॉन ओळखायला भौतिकशास्त्रज्ञ प्रकाशाचा हाच गुण वापरतात.

१९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना लँथेनम, बेरियम व तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळाले आणि इट्रियमच्या संयुगात ९३ केल्व्हिनपर्यंत अतिवाहकता मिळाली. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, म्हणजे थंड ठेवण्याचा खर्च एकदम आवाक्यात आला. तांब्याच्या ऑक्साइडच्या अशा सर्व अतिवाहकांत तांबे आणि ऑक्सिजनचे सपाट थर असतात. या थरांतले इलेक्ट्रॉन अतिवाहकतेसाठी लागणाऱ्या जोड्या का जमवतात, यावर आजही एकमत नाही.

या इलेक्ट्रॉनांनाच विचारण्याचा सर्वांत थेट मार्ग असा. बिस्मथयुक्त स्फटिकाचा पापुद्रा निर्वातात सोलायचा, ताज्या पृष्ठभागावर सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाचा प्रकाश टाकायचा आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा व कोन मोजायचा. त्यातून तो आत कोणत्या वेगाने, कोणत्या दिशेने जात होता ते कळते.

इथे प्रकाशाची कंपनदिशा निर्णायक ठरते. तांब्याची संबंधित कक्षा चार पाकळ्यांची असून शेजारच्या पाकळ्यांची चिन्हे उलट असतात. दोन बंधांच्या मधल्या कर्णाच्या रेषेवर आरसा धरला तर तिचे चिन्ह बदलते, तांबे-ऑक्सिजन बंधाच्या रेषेवर धरला तर बदलत नाही. म्हणून कर्णावरचे इलेक्ट्रॉन टिपायला प्रकाशाचे कंपन त्या आरशाला काटकोनात लागते, बंधाच्या दिशेचे टिपायला आरशाच्या प्रतलातच. दिशा चुकली की तिथे असलेला इलेक्ट्रॉनही दिसत नाही.

या मोजमापांच्या वाचनाला शिस्त लावणाऱ्यांत मोहित रंदेरिया यांचे नाव ठळक आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या या सिद्धांतकाराने अमेरिकेतल्या कॅम्पुझानो आणि नॉर्मन यांच्यासोबत दीर्घकाळ काम केले. बिस्मथच्या थरांतली लाटेसारखी रचना बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनना वळवते आणि मोजमापांच्या चित्रात भुतासारख्या जादा रेषा उमटतात. खऱ्या रेषा कुठल्या, हे त्यांच्या गटाने ध्रुवित, म्हणजे ठराविक कंपनदिशेच्या, प्रकाशाच्या साह्याने निवडून काढले. शेजारच्या थरांमुळे रेषा दुभंगत नाही, हा १९९६ चा त्यांचा निष्कर्ष मात्र २००१ मध्ये अधिक बारीक मोजमापांपुढे टिकला नाही. जास्त डोपिंगच्या, म्हणजे जादा विद्युतवाहक आणलेल्या, स्फटिकांत ती फट स्पष्ट दिसली. त्याने मूळ कामाचे मोल घटत नाही. १९९६ मध्येच याच गटाने अतिवाहकता सुरू होण्याआधीच ऊर्जेत पडणारी दरी, सूडोगॅप, ‘नेचर’मध्ये दाखवली होती. रंदेरियांना २००२ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला.

त्याच साली कॅम्पुझानोंच्या गटाने डावीकडे व उजवीकडे फिरणारा ध्रुवित प्रकाश वापरला. सूडोगॅपच्या अवस्थेत दोन्हींचा प्रतिसाद वेगळा आला. काळाची दिशा उलटवली तर पदार्थ तसाच राहत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. २००४ मध्ये बोरिसेन्को आणि सहकाऱ्यांना तो फरक आढळला नाही. हा वाद मिटवायला नमुना, तापमान आणि आरशाचे प्रतल तिन्ही काटेकोर राखावे लागतात.

असा प्रकाश देणारे भारतातले सिंक्रोट्रॉन दोनच, दोन्ही इंदूरला. तिथल्या इंडस-२ वर कोनानुसार इलेक्ट्रॉन मोजणारी प्रकाशवाहिनी आहे आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून प्रयोगाची वेळ मागता येते. विदर्भातल्या पदार्थविज्ञान विभागांनी ती मागायला हवी.