भाड्याचा संगणक आणि त्याचा मीटर

बीडसारख्या गावातील कापड दुकानाचा हिशेबही आता पुष्कळदा दुकानात नसतो. जीएसटीची बिले, उधारीची खाती, मालाचा साठा हे सारे दूरच्या शहरातील मोठ्या संगणकावर असते आणि आपण त्याचे दरमहा भाडे भरतो. आम्ही कापड मोजून देतो व मोजून घेतो. मग या भाड्याच्या वस्तूचे माप कसे होते, आणि ते माप कोण तपासतो, हे आम्हाला माहीत असायला हवे.

भाड्याने मिळतो तो पूर्ण संगणक नसतो. एका मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक वेगळे संगणक तयार केले जातात. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. केव्हीएम हे असेच एक सॉफ्टवेअर असून 2007 पासून ते लिनक्सचा भाग आहे. एका जनरेटरवर दहा दुकाने चालावीत, तसा हा प्रकार आहे. शेजाऱ्याने जादा भार टाकला की आपला पंखा मंदावतो.

म्हणून येथे एक खास मोजणी ठेवलेली असते. आपले काम तयार होते, पण प्रोसेसर दुसऱ्याच्या कामात गुंतला होता, असा जेवढा वेळ गेला त्याची बेरीज होत राहते. तिला ‘स्टील टाइम’ म्हणजे चोरीस गेलेला वेळ म्हणतात. लिनक्स यंत्रावर ‘टॉप’ ही आज्ञा दिली की ‘एसटी’ या नावाने त्याची टक्केवारी दिसते. ती सतत मोठी असेल, तर भाडेकरूला तक्रारीचा आधार मिळतो.

परंतु मोजणीच चुकली तर? 2016 साली असाच प्रकार उघडकीस आला. ही मोजणी वीज मीटरसारखी चालते. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करायचे. केव्हीएमवरील संगणकाचा एखादा प्रोसेसर बंद करून पुन्हा चालू केला की मीटर शून्यावर जाई, वहीत मात्र मागील रीडिंग तसेच राही. समजा, मागील 5000 आणि चालू 20. वजाबाकी उणे आली पाहिजे. पण त्या जागी उणे आकडा लिहिण्याची सोयच नव्हती. त्यामुळे 20 अंकी प्रचंड संख्या तयार होई. परिणामी कधी सारा वेळ चोरीस गेलेला दिसे, तर कधी घाम गाळणारा प्रोसेसर पूर्ण रिकामा दिसे.

त्या वर्षी मार्चमध्ये एक दुरुस्ती झाली. प्रोसेसर परत आला की वहीतील मागील रीडिंगही शून्य करायचे. वरवर पाहता हिशेब जुळला. पण जेथे मीटर शून्यावर गेलेलाच नाही, तेथे काय? तेथे मागचे 5000 पुन्हा नव्याने बिलात चढणार! जूनमध्ये हे ध्यानात आले. मूळ दोष वहीत नव्हता, केव्हीएमने मीटर शून्य करण्यात होता. तेव्हा मीटरचे जुने रीडिंग कायम ठेवण्याची व्यवस्था झाली आणि मार्चची दुरुस्ती मागे घेण्यात आली.

लिनक्समध्ये प्रत्येक बदल सर्वांसमोर मांडला जातो. करणारा कारण लिहून आपल्या नावाची सही देतो, तपासणारेही आपले नाव लिहितात. एवढी दक्षता असूनही चूक निसटली. तपासणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. चुकीचा आकडा प्रथम कोठे निर्माण झाला? यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झाले तर मोजणीचे काय होते? आणि ही दुरुस्ती जेथे दोष नव्हता तेथे नवा दोष तर निर्माण करीत नाही ना? तिसरा प्रश्न वेळीच विचारला असता, तर मार्चची दुरुस्ती तेथेच अडली असती.

व्यापारी बंधूंनी यातून आपल्यापुरते एवढे करावे. संगणक सांभाळणाऱ्या मुलाला एसटीचा आकडा रोज ठराविक वेळी वहीत लिहायला सांगावे. यंत्र बंद-चालू झाले, सॉफ्टवेअर बदलले, तर त्याची तारीखही लिहावी. एका दिवसाचा आकडा पाहून महागडे यंत्र भाड्याने घेऊ नये, तसेच भाडे देणाऱ्यावर बेइमानीचा आरोपही करू नये. आठ-पंधरा दिवसांची नोंद समोर ठेवून खुलासा मागावा. त्या नोंदीवरून दोष शेजाऱ्याच्या भाराचा आहे की मीटरचा, हे शोधणे त्यालाही सोपे जाईल.