हिशोबाची वही

तुमच्या घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? येतो तो दिसतो. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरी तो आठवड्याने येतो, नोकरी करणाऱ्याच्या घरी महिन्याने येतो आणि दुकानदाराच्या घरी रोज थोडा थोडा येतो. जातो तो मात्र गुपचूप जातो. दूध, भाजी, रिक्षाभाडे, मोबाइलचा रिचार्ज, पाहुण्यांसाठी आणलेली मिठाई. महिन्याच्या वीस तारखेला अम्मी विचारते, "पैसे गेले कुठे?" घरात कोणालाच उत्तर देता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका साध्या वहीत सापडते. वहीच्या डाव्या पानावर 'जमा' लिहावे आणि उजव्या पानावर 'खर्च' लिहावा. रोज रात्री पाच मिनिटे बसून त्या दिवशी काय आले आणि काय गेले, ते टिपून ठेवावे. महिन्याच्या शेवटी दोन्ही पानांची बेरीज करावी. जमेतून खर्च वजा केला की उरते ती शिल्लक.

हे शब्द तुम्हाला परके वाटणार नाहीत. जमा, खर्च, बाकी, रक्कम, कर्ज, वसूल हे सगळे अरबी-फारसीतून मराठीत आलेले शब्द आहेत. हिसाबाचा हिशोब झाला आणि बीमाचा विमा झाला. एका शब्दाला मात्र जपून राहा. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत हप्ता म्हणजे ठरलेल्या मुदतीला भरायची रक्कम. माझ्या वर्गातला एक मुलगा 'विम्याचा वार्षिक हप्ता' हे शब्द वाचून गोंधळून गेला होता. "सर, आठवडा वर्षाचा कसा असेल?" असे त्याने विचारले. सगळा वर्ग हसला, पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

रोजचा खर्च माणसाच्या लक्षात तरी राहतो. वर्षातून एकदाच येणारा खर्च मात्र घर हलवून सोडतो. समजा, एका घरात गाडीच्या विम्याचे ६००० रुपये, घरपट्टीचे २४०० रुपये, पाणीपट्टीचे १८०० रुपये आणि जूनमध्ये वह्या-पुस्तके व गणवेशाचे ४२०० रुपये लागतात. एकूण झाले १४,४०० रुपये. एवढी रक्कम एकदम काढायची म्हटले, तर कोणाकडे तरी हात पसरावा लागतो. पण हीच रक्कम बारांनी भागली, तर महिन्याला १२०० रुपये होतात. आठवड्याने मजुरी मिळत असेल, तर आठवड्याला सुमारे २७७ रुपये. हे पैसे पगार हातात आल्याबरोबर बाजूला काढून बँकेत किंवा डाकघराच्या बचत खात्यात ठेवले, तर जून महिन्याची भीती उरत नाही. उरले तर ठेवू, असे म्हणणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, हे मी माझ्या स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

आता गाडीच्या विम्याविषयी जरा सविस्तर बोलू. त्याची कथा आमच्या घरातलीच आहे.

ही गोष्ट २००६ सालची. तेव्हा मी नववीत होतो. माझ्या मोठ्या मामूंनी एक जुनी मोटारगाडी घेतली होती. तिच्या विम्याची मुदत संपत आली होती. हप्त्याचे पैसे मामूंनी कपाटात वेगळे ठेवलेही होते. पण ईद जवळ आली, घराला रंग द्यायचे ठरले आणि ते पैसे रंगाला गेले. "पाच वर्षांत एकदाही विम्याचा उपयोग झाला नाही. पुढच्या महिन्यात भरू," असे मामू म्हणाले. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. रात्रपाळीला सायकलवरून निघालेल्या एका कारागिराला त्यांच्या गाडीची धडक बसली. त्याच्या मांडीचे हाड मोडले. मामूंनी स्वतःच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेले. माणूस वाचला, पण पुढे त्याला मागावर उभे राहता येईना.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात खटला चालला आणि नुकसानभरपाई दीड लाखाच्या वर ठरली. विमा नव्हता, म्हणून सगळी रक्कम मामूंवर आली. त्यांनी गाडी विकली आणि मामीचे दागिने मोडले. उरलेली रक्कम ते दर महिन्याला थोडी थोडी त्या कारागिराच्या घरी नेऊन देत. असे कित्येक वर्षे चालले. लोक मामूंबद्दल हळहळत. मला मात्र त्या कारागिराचा मुलगा आठवतो. तो आमच्याच शाळेत आठवीत होता. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत दिसला नाही.

विमा असता तर काय झाले असते? भरपाईची रक्कम विमा कंपनीने भरली असती. त्या घराला ती मामूंच्या मिळकतीची वाट न पाहता मिळाली असती. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला 'तृतीय पक्ष विमा' सक्तीचा केला आहे. पहिला पक्ष म्हणजे गाडीचा मालक, दुसरा पक्ष म्हणजे विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले तो. म्हणजे हा विमा पैसे भरणाऱ्यासाठी नसून रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. त्याचा उपयोग झाला नाही, तर पैसे वाया गेले असे कसे म्हणता येईल? २०१९ साली हा कायदा अधिक कडक झाला. विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४००० रुपये.

हा हप्ता फार मोठा असतो असेही नाही. त्याचा दर सरकार ठरवते, त्यामुळे कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. १ जून २०२२ पासून १००० सीसीच्या आतील खाजगी मोटारीसाठी तो वर्षाला २०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीसाठी ३४१६ रुपये ठरवण्यात आला. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. नवी मोटार घेताना हा विमा एकदम तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा काढावा लागतो. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.

आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून हवे असेल, तर त्यासाठी वेगळा हप्ता द्यावा लागतो. तो सक्तीचा नाही. येथे गाडीची किंमत तिच्या वयाप्रमाणे धरतात. पाच वर्षांच्या जवळ आलेली गाडी साधारण निम्म्या किमतीची मानली जाते. वर्षभरात भरपाई मागितली नाही, तर या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून गाडीला बारीकसा ओरखडा पडला की लगेच कंपनीकडे धाव घेणे शहाणपणाचे नाही. पण मुदत संपून नव्वद दिवसांत विम्याचे नूतनीकरण केले नाही, तर जमलेली सगळी सूट जाते.

आता करांकडे वळू. "आमच्या घरी कोणी कर भरत नाही," असे पुष्कळ मुले सांगतात. ते खरे नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत 'सर्व करांसह' असते. म्हणजे पाच रुपयांचा पुडा घेणारे पहिलीतले मूलसुद्धा कर भरते. १ जुलै २०१७ पासून याला वस्तू व सेवा कर म्हणतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवर तो ५ टक्के झाला; पेन्सिल, खोडरबर आणि वह्या यांच्यावरचा कर माफ झाला. घरपट्टी आपण नगरपालिकेला देतो. गल्लीतला दिवा आणि गटाराची सफाई यांवर आपला हक्क आहे तो त्यामुळे. गाडी नवी घेतली, तर महाराष्ट्रात खाजगी मोटारीचा वाहनकर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरावा लागतो. गाडीच्या किमतीत तो न धरता कर्ज काढणाऱ्यांची नंतर फार ओढाताण होते.

नोकरी करणाऱ्या पुरुषाच्या पगारपत्रकात तुम्हाला एक गंमत दिसेल. पगार दहा हजारांच्या वर असेल, तर त्यातून दरमहा २०० रुपये व्यवसायकर कापतात, पण फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. फेब्रुवारीने काय गुन्हा केला? राज्यघटनेने या कराची वर्षाची मर्यादा २५०० रुपये घातली आहे. अकरा महिन्यांचे २२०० होतात आणि उरलेले ३०० वर्ष संपण्यापूर्वी फेब्रुवारीत घेतात. करून पाहा, बेरीज जुळेल.

प्राप्तिकर मिळकतीवर असतो आणि त्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरतात. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर पडला नाही. मग आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण कर शून्य असला तरी विवरणपत्र भरता येते आणि तो आपल्या कमाईचा लेखी पुरावा ठरतो. बँक कर्ज देताना तोच मागते.

असा पुरावा नसला, की गरजू माणूस सावकाराकडे जातो. तेथे व्याज 'शेकडा पाच' असे सांगतात. ऐकायला ते थोडे वाटते. पण शेकडा पाच म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला ६० टक्के! दहा हजार घेतले, तर दरमहा ५०० रुपये नुसते व्याज. वीस महिन्यांत दहा हजार व्याज भरून होते आणि मूळचे दहा हजार जसेच्या तसे डोक्यावर राहतात.

पुराव्याची गोष्ट निघाली, म्हणून त्या कारागिराच्या खटल्यातले एक सांगतो. अपघाताची भरपाई ठरवताना जखमी माणसाची कमाई किती होती, हे पाहतात. त्याला विचारले, "तुम्ही आठवड्याला किती मिळवत होता?" त्याने आकडा सांगितला. "कागद आहे का?" कागद नव्हता. मजुरी दर आठवड्याला रोख हातात पडत होती. बँकेत खाते नव्हते, म्हणून पासबुकही नव्हते. शेवटी त्याच्या सांगण्यापेक्षा बरीच कमी कमाई धरून भरपाईचा हिशोब झाला.

मामू आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. विम्याची नक्कल त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तरीही त्यांच्या हिशोबाच्या वहीत पहिल्याच पानावर विम्याची शेवटची तारीख लाल शाईने लिहिलेली असते, आणि तिच्या एक महिना अगोदरच्या तारखेला एक गोल काढलेला असतो.